खाका आणि चरबा : चित्र भिंतीवर उतरविण्याची जुनी रीत व दप्तरांतील एक दुर्लक्षित कागद

१. एक चूक

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. चाकणच्या आसमंतांतील एका खेड्यांत एका जुन्या घरचें दप्तर पहावयास मिळेल असें कळल्यावरून आम्ही चिंचवडाहून तेथें गेलों. यजमान वृद्ध व अगत्यशील होते. घर पाडून तेथें भाड्याच्या खोल्या बांधावयाच्या असल्यामुळें माळा रिकामा करण्याचें काम चाललें होतें. त्यांनीं एक रुमाल आमच्यापुढें सोडला. त्यांत वतनासंबंधाचे मोडी कागद, कांहीं हिशेबाचे बंद व एका स्तोत्राच्या पोथीचीं सुटीं पानें निघालीं. अगदीं तळाशीं जाड कागदाची एक घडी होती. ती उलगडून पाहतां कागद एका अंगानें काजळी फासल्यासारखा काळा, व त्यावर असंख्य बारीक भोंकें. अक्षर एकहि नाहीं. "हा कसरीनें खाल्ला आहे, आजोबा, ह्यांत कांहीं नाहीं," असें आम्हीं मोठ्या जाणतेपणानें सांगितलें. "गुरुजी म्हणतात म्हणजे तसेंच असणार," असें म्हणून यजमानांनीं तो बाजूच्या केरांत टाकला; आणि आम्ही मोडी कागदांच्या नकला करीत बसलों असतां तो केराबरोबर पाणी तापविण्याच्या बंबांत गेला.

पुढें कांहीं वर्षांनीं जुन्या चित्रसाधनांविषयीं वाचन करीत असतां अशाच एका कागदाचें छायाचित्र आमच्या दृष्टीस पडलें, आणि तो बंब आठवला. त्या कागदावरील भोंकें सारख्या आकाराचीं होतीं, सारख्या अंतरावर होतीं, आणि ओळीनें वळणें घेत चाललीं होतीं. कसर अशी खात नाहीं. तो चिताऱ्याचा खाका होता. कोणत्या देवतेचा, कोणत्या भिंतीसाठीं, कोणाच्या हातचा, हें आतां कळण्यास मार्ग उरला नाहीं. दोष सर्वस्वीं आमचा. तसा तो दुसऱ्या कोणा संग्राहकाच्या हातून घडूं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

२. शब्दविचार

'खाका' हा शब्द मराठींत आज सर्वांच्या तोंडीं आहे. कामाचा खाका, ग्रंथाचा खाका, अंदाजपत्रकाचा खाका असें आपण नित्य म्हणतों, व त्याचा अर्थ 'स्थूल आराखडा' असा घेतों. परंतु हा मूळचा कारागिराचा शब्द होय. फारसींत 'खाक' म्हणजे धूळ, माती, राख. जळून खाक होणें ह्या आपल्या प्रयोगांत तोच शब्द आहे, व धुळीच्या रंगाच्या कापडास खाकी म्हणतात तेंहि त्यावरूनच. चित्राच्या रेषांवर टोचलेल्या छिद्रांतून कोळशाची पूड झाडून जी आकृति उठवावयाची ती धुळीची आकृति, म्हणून खाका. पुढें ज्या टोचलेल्या कागदानें ती उठवावयाची त्यालाहि तेंच नांव पडलें. आणि शेवटीं धूळ व छिद्रें दोन्ही विसरलीं जाऊन केवळ 'आराखडा' हा अर्थ शिल्लक राहिला.

'चरबा' हा त्याचा जोडशब्द. फारसी 'चर्ब' म्हणजे स्निग्ध, तेलकट. आपल्या 'चरबी'चें मूळ तेंच. तेल किंवा चरबी लावून पारदर्शक केलेला कागद, अथवा खरवडून झिरझिरीत केलेलें हरणाच्या पाडसाचें कातडें मूळ चित्रावर ठेवून जी नक्कल घ्यावयाची ती चरबा. म्हणजे चरबा हें नक्कल 'घेण्याचें' साधन, व खाका हें ती 'देण्याचें' साधन. एक चित्रावरून रेषा उचलतो, दुसरा ती नव्या जागीं ठेवतो. हा भेद ध्यानांत न घेतां हे दोन शब्द पुष्कळदां एकाच अर्थीं वापरले जातात, तें बरोबर नव्हे.

३. संस्कृत ग्रंथांतील रीत

आतां कोणी विचारील कीं, हे शब्द जर फारसी तर त्यापूर्वीं आपल्याकडील चितारी भिंतीवर आकृति कशी उतरवीत असत? ह्यासंबंधीं चित्रशास्त्रावरील ग्रंथांत पुष्कळ माहिती आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांतील ३५ ते ४३ हे अध्याय चित्रसूत्र म्हणून प्रसिद्धच आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या मानसोल्लासाच्या तिसऱ्या विंशतींत तर भिंतीपासून शेवटच्या रेषेपर्यंतचा क्रम दिला आहे. म्हशीचें कातडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत उकळून वज्रलेप नांवाचा सरस करावा, त्यांत पांढरी माती मिसळून भिंतीवर तीन वेळां लेप द्यावा, आणि मग वर्तिकेनें आकृति काढावी, असें तेथें सांगितलें आहे. ही वर्तिका म्हणजे काजळ व शिजलेला भात एकत्र मळून केलेली कांडी. बारीक रेघेसाठीं वेळूच्या काडीस तांब्याचें टोंक बसविलेली तूलिका असे. कच्ची आकृति मनासारखी साधली म्हणजे ती गेरूनें पक्की करावयाची. केरळांत सोळाव्या शतकांत श्रीकुमारानें लिहिलेल्या शिल्परत्नांत किट्टलेखिनी सांगितली आहे. ती जुन्या विटेची पूड व वाळलेलें शेण एकत्र वाटून वळलेली कांडी होय. तिची रेघ चुकल्यास फडक्यानें पुसून पुन्हां काढतां येते.

सारांश, ह्या ग्रंथांत आकृति मनांतून भिंतीवर येते ती दोरीच्या आणि मापाच्या आधारानें. मध्यभागीं ब्रह्मसूत्र, दोहों बाजूंस पक्षसूत्रें, आणि ताल व अंगुल ह्यांची मोजदाद. एकदां सूत्रें आंखलीं कीं मूर्ति लहान काढावयाची असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाहीं. भोसरी-चाकण रस्त्यावर मालमोटारींच्या हौद्यावर अक्षरें रंगविणारा कारागीर प्रथम खडू लावलेली दोरी ताणून तिचा फटका मारतो व सरळ ओळ उठवितो. सुतार लांकडावर सूत मारतो तेंहि हेंच. सूत्रपाताचा हा जिवंत वारसा होय. अजिंठ्यास जेथें वरचा रंग गळून पडला आहे तेथें खालची तांबडी रेघ उघडी दिसते, व अंतिम रेघ पहिलीपासून कोठें कोठें ढळलेली आढळते. चिताऱ्यानें भिंतीशींच विचार केल्याची ती साक्ष आहे.

येथें एका गैरसमजाचा निरास करणें अवश्य आहे. चित्रसूत्रांत वर्तनेचे तीन प्रकार सांगितले असून त्यांत बिन्दुवर्तना हा एक आहे. 'बिन्दु' ह्या शब्दावरून हा खाक्याच्या ठिपक्यांचा उल्लेख असावा अशी कल्पना कोणाच्याहि मनांत येईल. आमच्याहि मनांत ती आली होती. परंतु वर्तना म्हणजे छाया देऊन आकृतीस उठाव आणणें. पत्रवर्तनेंत पानाच्या शिरांसारख्या रेघांनीं, तर बिन्दुवर्तनेंत ठिपक्यांनीं ती छाया द्यावयाची. तो चित्राच्या शेवटचा संस्कार आहे, आरंभींचा नव्हे. नामसादृश्यावरून खाक्यास पुराणांत नेऊन बसविणें हें संशोधन होणार नाहीं.

४. कृति

चरबा व खाका ह्यांची कृति मोगल व राजपूत चित्रशाळांत रुळलेली होती. ती क्रमानें अशी.

मूळ चित्रावर पारदर्शक चरबा ठेवून त्याच्या रेषा बारीक कुंचल्यानें काळ्या शाईनें उचलावयाच्या. मग तो चरबा दुसऱ्या कागदावर ठेवून प्रत्येक रेषेवर अगदीं जवळजवळ सुई टोचीत जावयाचें. सुई सरळ उभी धरावी लागते. ती कलली तर छिद्र लांबट होऊन पूड भलतीकडे पडते. टोचल्यावर कागदाच्या पाठीमागें छिद्रांचे कांठ वर येतात. ते गुळगुळीत दगडानें घासून बसवावे लागतात, नाहींतर कागद भिंतीस चिकटून बसत नाहीं. नंतर कोळशाची वस्त्रगाळ पूड पातळ फडक्याच्या पुरचुंडींत बांधून ती पुरचुंडी छिद्रांवर हलकेंच आपटावयाची. ती घासावयाची नाहीं. घासल्यास ठिपके पसरतात. जमीन काळी असल्यास कोळशाऐवजीं खडूची पूड घेतात. कागद उचलला कीं ठिपक्यांची आकृति उमटलेली दिसते. ते ठिपके कुंचल्यानें जोडून घेतले म्हणजे वरची धूळ पिसानें झटकून टाकावयाची. जयपुराकडे ओल्या गिलाव्यावर चित्र काढतांनाहि हीच रीत चाले. तेथें तर तिचा विशेष उपयोग. कारण गिलावा वाळण्यापूर्वीं रंग द्यावयाचा असल्यामुळें भिंतीसमोर उभें राहून विचार करीत बसण्यास अवकाश नसतो.

खाक्याचे आणखी दोन गुण आहेत. तो उलटा धरला म्हणजे आकृति उलटी उठते. एका चवरीधारिणीच्या खाक्यावरून देवाच्या दोहों बाजूंच्या चवरीधारिणी निघतात. एका मोरावरून दाराच्या दोहों अंगांचे समोरासमोर पाहणारे मोर निघतात. तसेंच कागद मधोमध दुमडून टोचला असतां अर्धी वेलबुट्टी काढून पूर्ण साधतां येते. दुसरा गुण असा कीं, एकाखालीं एक दोनतीन कागद ठेवून एकदम टोचले तर वरचा कागद स्वच्छ राखून खालचे वापरतां येतात. त्यामुळें गुरूची रेघ शिष्याकडे व शिष्याची त्याच्या शिष्याकडे, मूळ चित्र हातचें गेलें तरी, चालत राहते. सूत्र व ताल ह्यांनीं मूर्तीचें प्रमाण चालत आलें; खाक्यानें हाताचें वळण चालत आलें. माप पाठ करून ठेवतां येतें, पण रेषेची लकब शब्दांत सांगतां येत नाहीं. ती कागदावरच राहते, आणि कागदाबरोबरच जाते.

ही रीत आपल्या घरांतूनहि अगदींच गेलेली नाहीं. कागदावर सारख्या अंतरानें उदबत्तीच्या निखाऱ्यानें भोंकें पाडून त्यांतून रांगोळी सोडून ठिपके पाडणें पुष्कळांनीं लहानपणीं पाहिलें असेल. कशिदा काढावयाच्या कापडावर टोचलेल्या कागदावरून नीळ फिरवून नक्षी उठवितात, तोहि खाकाच. आमच्या चिंचवडावरून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मळवली येथें राजा रविवर्मा ह्यांचा छापखाना १८९९ मध्यें आला. रंगीत शिळाप्रेसच्या कामांत एका चित्रासाठीं प्रत्येक रंगाचा दगड निराळा असतो, आणि सर्व दगडांवर बाह्यरेखा तंतोतंत एकाच जागीं यावी लागते. त्यासाठीं मूळ चित्रावरून पारदर्शक पत्र्यावर रेघा कोरून घेत, व त्यांत कोरडी तांबडी पूड भरून ती दगडोदगडीं उठवीत. पत्रा म्हणजे चरबा आणि पूड म्हणजे खाका. नांवें बदललीं, पण रीत बदलली नाहीं.

५. महाराष्ट्रांतील भिंती व गेलेले कागद

मराठेशाहींतील वाड्यांच्या भिंतींवर चित्रें काढण्याची चाल होती हें वाचकांस सांगावयास नको. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्यें उभा राहिला. तेथील रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें १८२८ च्या आगींत वाड्याबरोबर गेलीं. मेणवलीस नाना फडणीसांचा वाडा, वाईस रास्त्यांचा मोतीबाग वाडा, चांदवडास होळकरांचा रंगमहाल, येथील चित्रें कमीअधिक स्थितींत अवशिष्ट आहेत. त्यांचीं वर्णनें झालीं, छायाचित्रें झालीं. परंतु अशीं चित्रें ज्या कागदांवरून भिंतीवर गेलीं त्यांची विचारपूस आपण कितीशी केली? जमाखर्चाच्या कागदांतून चिताऱ्याचा रोजमुरा आपण हुडकतों, आणि त्याच रुमालांत त्याच्या हातचा कागद निघाला तर तो केरांत टाकतों.

कच्चा कागद जपल्यानें काय होतें ह्याचें एक उदाहरण पुण्याचेंच आहे. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटलंडचा चितारी १७९२ मध्यें पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें प्रसिद्ध आहेत. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहासंबंधीं दरबारचें मोठें चित्र काढण्याची योजना होती. पण १७९५ मध्यें वेल्स वारला, व हातीं राहिलीं तीं त्याचीं रेखाटनें. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठीं त्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल ह्यानें इंग्लंडांत १८०५ मध्यें तें चित्र पूर्ण केलें. वेल्सच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं पेशव्यांचा दरबार विलायतेंत पटावर उतरला, तो केवळ कच्चे कागद कोणीं फेंकले नाहींत म्हणून. वेल्सबरोबर काम केलेला पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट ह्याचीं रेखाटनेंहि मॅलेटच्या संग्रहामुळेंच राहिलीं, व आज तीं अमेरिकेंत येल येथें पहावयास मिळतात. पुण्याच्या चिताऱ्याची रेघ पहावयास समुद्रापलीकडे जावें लागावें, ह्यांत जपणाऱ्यांचा गौरव आहे, तसा न जपणाऱ्यांस बोधहि आहे.

६. इतरत्र जपलेले खाके

चीनच्या पश्चिम सीमेवरील तुन्-ह्वांग येथील सतराव्या गुहेंतून ऑरेल स्टाइन ह्यानें १९०७ मध्यें ज्या वस्तु नेल्या त्यांत बुद्धमूर्तींचे टोचलेले खाके होते. ते सुमारें हजार वर्षांपूर्वींचे असून ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. खाका ही केवळ मोगलांची कल्पना नव्हे, हें त्यांवरून स्पष्ट होतें. इटलींत रॅफेलच्या 'अथेन्सची पाठशाळा' ह्या भित्तिचित्राचा प्रचंड कागद मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहांत आहे. त्याच्या रेषा टोचलेल्या आहेत, पण त्यावर कोळशाची पूड नाहीं. ह्यावरून पंडितांनीं असें ठरविलें कीं भिंतीवर लावला तो ह्याच्याखालीं ठेवून टोचलेला दुय्यम कागद, व हा मूळचा मुद्दाम राखून ठेवला. पूड आहे कीं नाहीं एवढ्यावरून चिताऱ्याच्या कामाची पद्धत उलगडली. जयपुराच्या रासलीलेच्या भित्तिचित्रासाठीं सुमारें १८०० मध्यें काढलेलें कृष्णमुखाचें मोठें कागदी रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९१८ मध्यें घेतलें. तेथें तें चित्रासारखें मिरवतें. आपल्याकडे त्याची बहीण बंबांत गेली असेल.

७. कीड कीं सुई?

आतां मुख्य उपयोगाचा भाग. छिद्रें पडलेला कागद हातीं आला असतां तो किडीनें खाल्लेला कीं सुईनें टोचलेला हें पुढील खुणांवरून ओळखावें.

पहिली खूण प्रकाशाची. कागद खिडकीकडे किंवा दिव्याकडे धरावा. खाका असेल तर छिद्रांच्या ओळी उजळून आकृति आपोआप दिसते. डोळा, बोटें, पदराची कड लगेच ओळखूं येते. दुसरी खूण आकाराची. सुईचीं छिद्रें एकसारखीं व जवळजवळ समान अंतरावर असतात. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते व कडा अनियमित कुरतडते; पोथींतील अळी बोगदा करीत अनेक पानांतून वांकडी जाते; वाळवी मातीचा लेप ठेवून जाते. तिसरी खूण कांठांची. बोट हलकेंच फिरविलें असतां सुईच्या छिद्रांचा कांठ एका बाजूस उंच लागतो. किडीच्या छिद्रांस असा कांठ नसतो. चौथी खूण पुडीची. काळिमा छिद्रांच्या ओळींभोंवतीं दाट व इतरत्र विरळ असेल तर खाका वापरलेला आहे. काळिमा दोन्ही बाजूंस असेल तर तो उलटा धरूनहि वापरला, म्हणजे भिंतीवर समोरासमोर दोन आकृति असाव्यात असें अनुमान निघतें. मुळींच काळिमा नसेल तर तो जपून ठेवलेला मूळ कागद असूं शकेल. म्हणून स्वच्छ खाका अधिक मोलाचा समजावा.

८. जतनाविषयीं

अशा कागदास प्रथम झटकूं नये. आपणांस जी घाण वाटते ती चिताऱ्याची पूड असून तोच पुरावा आहे. त्यास खळ लावून पाठीमागें अस्तर चिकटवूं नये. छिद्रें बुजलीं म्हणजे खाका मेला. जीर्ण पोथ्यांस अस्तर लावण्याची आपणांस संवय असल्यामुळें ही चूक सद्धेतूनेंच होण्याचा संभव आहे. कागद शक्य तों उलगडून दोन कोऱ्या कागदांमध्यें सपाट ठेवावा. जुनी घडी बळानें सरळ करूं नये. पाठीमागून प्रकाश सोडून त्याचें छायाचित्र घ्यावें, लांबीरुंदी अंगुलांत नव्हे तर सेंटिमीटरांत नोंदवावी, व तो कोणत्या रुमालांत कोणत्या कागदांबरोबर निघाला तें लिहून ठेवावें. त्या घरची भिंत अद्याप उभी असेल तर कोनाड्यांचीं व दारांवरील पट्ट्यांचीं मापें घेऊन खाक्याच्या मापाशीं ताडून पहावीं. जुळल्यास भिंतीवर चुना चढलेला असला तरी त्याखालीं काय आहे ह्याचा अंदाज बांधतां येईल.

यादी करतांनाहि एक दुरुस्ती हवी. आपल्या याद्यांत सनदा, पत्रें, हिशेब, पोथ्या असे रकाने असतात. अक्षर नसलेल्या कागदास जागाच नसते. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड काढला तेव्हांपासून रद्दी समजला जाणारा लिहिलेला कागद इतिहासाचें साधन ठरला. आतां न लिहिलेल्या कागदाकडेहि त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ मध्यें झाली. त्यापूर्वींच भोसरी-पिंपरीकडे कारखाने आले होते, व नंतर ते चाकणपर्यंत पोंचले. जमिनीस भाव आला, जुनीं घरें पडूं लागलीं, आणि माळ्यावरचे रुमाल रद्दीवाल्याच्या तागडींत जाऊं लागले. कारखान्यांवर आमचा रोष नाहीं. आमच्याच कित्येक विद्यार्थ्यांचे संसार त्यांवर उभे राहिले. परंतु घर पाडण्याचा दिवस ठरला कीं माळा एका सकाळींत रिकामा होतो, आणि त्या सकाळीं तेथें जाणता माणूस असला तरच कागद वांचतो. आम्ही एकदां तेथें होतों, आणि तरीहि कागद वांचला नाहीं. तेव्हांपासून भोंकें पडलेला कोणताहि कागद हातीं आला तरी आम्ही बोलण्यापूर्वीं तो उजेडाकडे धरतों. पुष्कळदां कीडच असते. तरीहि धरून पाहतों. वाचकांनींहि पहावा, एवढीच विनंति.